सामूहिक खरेदीची वेबसाइट: आधी लॉटचा हिशेब, मग कोड

पत्र: आम्ही दोघं वेबसाइट बनवतो. ओळखीच्या नऊ छोट्या उत्पादकांसाठी सामूहिक खरेदीची साइट काढायचं ठरलंय. माल म्हणजे पत्र्याचे रॅक, लाकडी स्टुलं, कापडी पिशव्या वगैरे. ग्राहक जसजसे जमतील तसतशी किंमत उतरत जाईल, पानावर उलटं घड्याळ चालेल, मुदत संपली की ऑर्डर कारखान्यात जाईल. पंचवीस वस्तूंनी एकदम सुरुवात करायचा विचार आहे. पैसे आधी आमच्या खात्यात घेऊ आणि ऑफर भरली नाही तर परत करू. तयार प्लॅटफॉर्म घ्यावा की सगळं स्वतः लिहावं? पैसे नेमके कधी कापावेत? आकडा भरला नाही तर काय करायचं?

उत्तर:

तुमचे तिन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांच्याही आधीचा एक प्रश्न पत्रात आलेला नाही. किती जण जमले म्हणजे ऑफर भरली, हे कोण ठरवणार? बहुतेक साइटवाले हा आकडा डोळ्यांना बरा दिसेल असा घेतात: पन्नास, नाहीतर शंभर. खरा आकडा कारखान्यात आधीच ठरलेला असतो, तो तिथे बसून काढावा लागतो. तो चुकला तर कोड कितीही नीट चालू दे, उत्पादक तोट्यात जातो आणि दुसऱ्या ऑफरला तयार होत नाही.

पत्र्याच्या रॅकचंच उदाहरण घेऊ. चलन कुठलंही धरा, आकडे फक्त प्रमाणासाठी आहेत. मशीनचं सेटिंग, डाय म्हणजे साचा लावणं, रंगाची तयारी असा प्रत्येक लॉटला एकदाच होणारा खर्च ६०० धरू. पत्रा, मजुरी, खोका असा प्रत्येक रॅकमागचा खर्च ४०. मग एका रॅकची किंमत पडते ४० अधिक ६०० भागिले संख्या. १० रॅक काढले तर एक पडतो १०० ला, २० काढले तर ७० ला, ३० ला ६०, ६० ला ५०, १२० ला ४५ आणि ३०० ला ४२. हे आकडे उत्पादकासमोर कागदावर मांडा. बहुतेक उतार पहिल्या साठांतच संपतो. त्यापुढे माणसं दुप्पट जमवली तरी रॅकमागे पाचच सुटतात. म्हणून "प्रत्येक नव्या ग्राहकामागे किंमत खाली" ही तुमची कल्पना सोडा. १९९९ मध्ये सुरू झालेली मर्काटा ही अमेरिकी साइट अगदी याच तत्त्वावर चालायची. मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांचं पाठबळ असूनही ती जानेवारी २००१ मध्ये बंद पडली. सवलतीची कूपनं विकणाऱ्या ग्रुपॉनने नोव्हेंबर २००८ मध्ये सुरुवात केली ती एक ठरलेली किंमत आणि एक किमान आकडा घेऊन, आणि हे ग्राहकाला एका नजरेत कळायचं. २०१५ ची चिनी खरेदी-साइट पिनड्युओड्युओ दोन-चार ओळखीचे जमवून २४ तासांत गट पूर्ण करायला लावते. तुम्हाला ग्रुपॉनचा साधेपणा घेता येईल, पण एक फरक लक्षात ठेवा: कूपन छापायला कारखाना लागत नाही, तुमच्या प्रत्येक ऑफरमागे मात्र मशीन चालू होणार आहे.

आता किमान आकडा. बाजारात तसा रॅक ज्या किमतीला मिळतो त्याहून नजरेत भरण्याइतकी कमी किंमत घ्या, समजा ५८. प्रत्येक रॅकमागे १८ सुटतात. ६०० भागिले १८ म्हणजे ३३.३, तेव्हा ३४ व्या रॅकला उत्पादक तोट्यातून बाहेर येतो. पण ३४ वर थांबू नका, पत्रा बघा. २५०० बाय १२५० मिलिमीटरच्या प्रमाण पत्र्यातून ६०० बाय ४०० चे १२ तुकडे निघतात, एका रॅकला ४ लागतात, म्हणजे एका पत्र्यात ३ रॅक. म्हणून आकडा ३ च्या पटीत हवा: ३६. ३७ वा रॅक नवा पत्रा उघडतो आणि उरलेले आठ तुकडे कोपऱ्यात गंजत पडतात. पिशव्यांना हाच हिशेब कापडाच्या ताग्यावरून निघेल, स्टुलांना फळीच्या लांबीवरून. तुमचं कमिशन आणि पेमेंट गेटवेचं (ग्राहकाचे ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेचं) शुल्क वरच्या ४० मध्ये नाही, ते घालून आकडा पुन्हा काढा. तो थोडा वर सरकेल.

किमतीची दुसरी पायरी ठेवायचीच असेल तर एकच ठेवा आणि ती उथळ ठेवा, कारण पायरीवर एक खड्डा असतो. ६० जण झाले की सगळ्यांना ५२, असं जाहीर केलंत. ५९ ग्राहकांवर उत्पादकाचे ५९ गुणिले १८ वजा ६०० म्हणजे ४६२ सुटतात. साठावा ग्राहक आला की ६० गुणिले १२ वजा ६००, म्हणजे १२०. एक माणूस वाढला आणि ३४२ गेले! ते भरून निघायला ८९ जण लागतात. अशा वेळी उत्पादक ५९ वर ऑफर बंद करा म्हणून फोन करणार, आणि त्याच्या जागी कुणीही करील. हीच पायरी ५५ ची ठेवली तर ६० व्या ग्राहकाला ३०० उरतात आणि ७१ व्या रॅकला खड्डा भरून निघतो. पायरीवर उरणारा सगळ्यात कमी आकडा उत्पादकाला आधी दाखवा, त्यावर लेखी होकार घ्या, आणि ऑफर बंद करायचं बटण त्याच्या हातात देऊ नका. कमाल आकडाही याच कागदावर लिहून घ्या: मशीनला ठरल्या दिवसांत किती झेपेल तो. ती मर्यादा नसेल तर चाललेली ऑफरच सगळ्यात जास्त तक्रारी आणते.

रंगाच्या बाबतीत जवळजवळ सगळे फसतात. पानावर करडा, निळा, लाल असे तीन पर्याय दिसायला छान. ३६ भरले, सगळे खूश. मग यादी उघडली की दिसतं, करडे २५, निळे ८, लाल ३. पावडर कोटिंगला (रंगाची कोरडी भुकटी फवारून भट्टीत भाजतात, त्याला) रंग बदलायचा म्हणजे बूथ झाडायचा, गन आणि नळ्या फुंकून साफ करायच्या, नाहीतर निळ्यावर करडे ठिपके उठतात. एका बदलीला १५० खर्च धरला तर दोन बदल्यांचे ३०० झाले. आणि ३६ रॅकवर सुटणार होते किती? ३६ गुणिले १८ वजा ६००, म्हणजे ४८. तीन लाल रॅकच्या हौसेपायी लॉट २५२ ने तोट्यात. तेव्हा डेटाबेसमध्ये आकडा वस्तूवर मोजू नका, ज्या गुणामुळे मशीन थांबवावं लागतं त्या गुणावर मोजा. रंगाला वेगळं सेटिंग लागतं, तर प्रत्येक रंगाचा आकडा वेगळा, त्याची ऑफर वेगळी. एखाद्या फरकासाठी मशीन थांबत नसेल, समजा रॅकच्या पायांना हातानेच लावायच्या रबरी बुटांचा रंग, तर तो पर्याय खुशाल एकाच आकड्यात धरा. कुठला फरक कुठल्या गटात, हे उत्पादकाशिवाय कुणाला सांगता येणार नाही. एक दिवस त्याच्या कारखान्यात उभं राहा.

पैशांकडे वळू. तीन वाटा आहेत. पहिली, कार्डावर रक्कम अडवून ठेवायची आणि ऑफर भरली तरच कापायची. ग्राहकाला ही सगळ्यात सोयीची, पण अडवलेली रक्कम बहुधा आठवडाभरच टिकते, मग आपोआप सुटते. शिवाय बँक ट्रान्सफरसारख्या सगळ्या प्रकारांत अडवणं जमतंच असं नाही. दुसरी, कार्ड जपून ठेवायचं आणि शेवटच्या दिवशी कापायचं. इथे त्या दिवशी काही कार्डं नाकारली जाणारच: शिल्लक नाही, मुदत संपली, बँकेने पुन्हा पडताळणी मागितली. ३६ वर बंद केलेली ऑफर दुसऱ्या सकाळी ३२ वर आलेली असते, तोवर "ऑफर भरली" हा संदेश सगळ्यांना गेलेला असतो. तिसरी, पूर्ण पैसे आधी घ्यायचे आणि गरज पडली तर परत करायचे. कोड सोपा, पण परताव्याला दिवस लागतात आणि मूळ व्यवहाराचं शुल्क गेटवे बहुधा परत देत नाही. न भरलेली प्रत्येक ऑफर तुमच्या खिशातून जाईल.

आमचं मत पहिल्या वाटेला, आणि मुदत पाच दिवस. मुदत लांबवली की लोक जास्त जमतात असं वाटतं. प्रत्यक्षात मधले दिवस सुने जातात आणि अडवलेले पैसे सुटायची वेळ येते. किमतीला दुसरी पायरी असेल तर अडवताना वरची रक्कम अडवा, ५८, आणि कापताना उतरलेली कापा, ५५. सहसा अडवलेल्यापेक्षा कमी कापता येतं, जास्त कापता येत नाही. उलटं केलंत तर अडकाल. पूर्ण पैसे घेण्याच्या वाटेत हीच पायरी म्हणजे साठ जणांना प्रत्येकी तीनचा परतावा, आणि तितक्याच "माझे तीन आले नाहीत" अशा चिठ्ठ्या.

पैसे तुमच्या खात्यात मात्र घेऊ नका. दुसऱ्यांचे पैसे सांभाळणं म्हणजे वेगळे नियम, वेगळा परवाना, वेगळी जबाबदारी, आणि ती प्रत्येक देशात आपापली. गेटवेची बाजारपेठांसाठीची विभागणी सोय वापरा, तिथे ग्राहकाचे पैसे परस्पर उत्पादक आणि तुमचं कमिशन असे वाटले जातात. उत्पादकाला सगळे एकदम सोडू नका, सगळे रोखूनही धरू नका, त्याला पत्रा रोखीने आणावा लागतो. ४० टक्के ऑफर भरताच, ४० टक्के माल येऊन तपासल्यावर, २० टक्के तक्रारीची मुदत संपल्यावर, ही वाटणी बहुतेकांना मानवते. इतके दिवस रक्कम रोखून धरता येते का, हे गेटवेशी करार करण्याआधी विचारा.

प्लॅटफॉर्मचं उत्तर आता सोपं होतं. कॅटलॉग, खातं, पत्ता, बिल हे सगळं तयार दुकान-प्रणालीतून घ्या, ते पुन्हा लिहिण्यात तीन महिने जातील आणि हाती काही वेगळं लागणार नाही. स्वतः लिहायच्या गोष्टी चारच: ऑफर, सहभाग, पैशांची खातेवही आणि ऑफर बंद करणारं काम.

ऑफरला स्पष्ट अवस्था द्या: मसुदा, चालू, भरली, न भरली, उत्पादनात, रवाना, पूर्ण. कुठल्या अवस्थेतून कुठे जाता येतं ते कोडमध्येच बांधा. "उत्पादनात" मधून "न भरली" कडे जाणारी वाटच असता कामा नये. चालू झालेल्या ऑफरची किंमत, किमान आणि मुदत बदलता येणार नाही, बदल हवा तर नवी ऑफर. रक्कम नेहमी चलनाच्या सर्वांत लहान एककात, पूर्णांकात ठेवा. फ्लोट प्रकारात, म्हणजे संगणकाच्या अंदाजे अपूर्णांकात, ठेवलेल्या रकमा बेरजेत कणाकणाने चुकतात आणि खातेवही कधीच जुळत नाही. वेळ सर्व्हरवर, यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत. पानावरचं उलटं घड्याळ निव्वळ दिखाव्याचं, ग्राहकाच्या फोनची वेळ चुकीची असू शकते.

शेवटच्या जागेचा गोंधळ नक्की होईल. कमाल १२० आहे, ११९ गेले, दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं. कोड आधी आकडा वाचतो, "जागा आहे" म्हणतो, मग वाढवतो. दोघांनाही जागा दिसते आणि १२१ होतात. वाचणं आणि वाढवणं डेटाबेसच्या एकाच विधानात करा: "विकलेले अधिक मागणी कमाल आकड्याहून जास्त होत नसेल तरच वाढव", आणि किती ओळी बदलल्या ते तपासा. शून्य आलं तर जागा संपली. पैसे भरायला गेलेल्यासाठी जागा १५ मिनिटं राखा आणि राखीव व पक्के हे दोन आकडे वेगळ्या रकान्यांत ठेवा. पानावर फक्त पक्के दाखवा. राखीव धरून आकडा फुगवलात की तो मधेच खाली येतो, आणि खाली येणारा आकडा पाहून लोक पळतात.

गेटवेकडून येणारे संदेश दोनदा येतात, कधी उलट्या क्रमाने येतात. तो बिघाड नाही, ती पद्धतच तशी आहे. प्रत्येक संदेशाचा क्रमांक अद्वितीय म्हणून साठवा, दुसऱ्यांदा आला तर काही न करता "मिळाला" म्हणा. ऑफर बंद करणारं कामही असंच लिहा, की चुकून दोनदा चाललं तरी पैसे एकदाच कापले जावेत. प्रत्येक सहभागाला पैसे कापण्याची एकच कायमची खूण द्या आणि पुन्हा प्रयत्न करताना तीच पाठवा.

वर्डप्रेसवर वूकॉमर्स ही तयार दुकान-प्रणाली वापरणार असाल तर तिथला एक खड्डा ठाऊक असू द्या. वर्डप्रेसची वेळापत्रकाची कामं मुळात कुणीतरी पान उघडलं की चालतात. मध्यरात्री बारा वाजता मुदत संपली आणि सकाळी सातपर्यंत कुणी फिरकलंच नाही, तर ऑफर सात तास उघडीच राहते. सर्व्हरचा खरा क्रॉन (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) लावा, दर मिनिटाला. पानाची कॅश (आधी साठवलेली प्रत दाखवायची सोय) चालू असेल तर सहभागाचा आकडा तिच्याबाहेर ठेवून वेगळ्या विनंतीने आणा, नाहीतर ३६ भरल्यावरही लोकांना २९ दिसत राहतील.

आकडा भरला नाही तर काय, हे ऑफर सुरू व्हायच्या आधी ठरतं. किमान ३६ आणि ३३ वर मुदत संपली, तर तूट किती? ३३ गुणिले १८ म्हणजे ५९४, सहाच कमी. उरलेले तीन रॅक स्वतःकडे ठेवून लॉट काढायची उत्पादकाची तयारी असते, विचारा. म्हणून आतल्या बाजूला "उत्पादक पुढे जायला तयार" असा आकडा ठेवा, इथे ३३, पण तो फक्त मुदत संपल्यावर, त्याच्या लेखी होकाराने वापरा. २० वर अडकली तर ऑफर मोडा आणि त्याच तासात अडवलेले पैसे सोडा. मुदत वाढवायची सवय लावू नका. एकदा वाढवली की पुढच्या प्रत्येक ऑफरला लोक थांबून बघतात. आणि खोटे ग्राहक घालून आकडा पुढे ढकलणं कधीच नाही, तुमच्याकडूनही नाही आणि उत्पादकाकडूनही नाही. त्यासाठी एका ग्राहकाला किमान आकड्याच्या दहा टक्क्यांहून जास्त नग घेऊ देऊ नका, ३६ ला तीन. जास्त हवे असतील तो घाऊक ग्राहक, त्याच्याशी वेगळं बोला. ऑर्डर मागे घ्यायची मुभा मुदतीच्या २४ तास आधीपर्यंत द्या, त्यानंतर भरलेला आकडा डळमळायला नको. मात्र रद्द करण्याबाबत तुमच्याकडचा ग्राहक-कायदा जास्त मुभा देत असेल तर तीच पाळावी लागेल.

वाहतूक खोक्यावर ठरते, आणि रॅकवाल्यांना इथे हमखास चटका बसतो. बऱ्याच कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि ते किंवा खरं वजन, जे जास्त त्याचे पैसे घेतात. सुटा केलेला रॅक ६२ बाय ४० बाय २० च्या खोक्यात भरला तर हिशेबी वजन ९.९ किलो, खरं मात्र ७. फळ्यांच्या कडा २५ मिलिमीटर, चार फळ्या रचल्या की १० सेंटिमीटर, वर पायांना ४. खोका १४ उंचीचा केला की हिशेबी वजन ६.९ वर येतं आणि तुम्ही खऱ्या वजनाचे पैसे भरता. पहिल्या ऑफरला तर एकाच ठिकाणाहून माल उचलायची सोय ठेवा. गट एका परिसरातला असेल तर घरपोच पाठवण्यात किमतीतली सूट वाहतुकीतच विरते.

पंचवीस वस्तू नकोत. एक उत्पादक, एक वस्तू, एक रंग. मुदत संपल्यावरचं काम पहिल्या वेळी हाताने करा, यादी उघडून एकेक नाव तपासत. कुठली अवस्था सुटली होती ते तेव्हाच कळतं. उत्पादकाने सांगितलेल्या दिवसांत निम्मे आणखी मिळवून तारीख जाहीर करा. १० म्हणाला तर १५. ३६ ची ऑर्डर असेल तर ३९ काढायला सांगा, एक पत्रा जास्त. पोचताना चेपलेला नग बदलून द्यायला नवा लॉट लावता येत नाही.

आणि ऑफर उघडण्याआधी खरा रॅक बनवून घ्या, फोटो त्याचाच काढा, संगणकावर रंगवलेलं चित्र लावू नका. तसे दोन नमुने करा. दोन्हींवर तारीख घालून तुमची आणि उत्पादकाची सही, एक कारखान्यात, एक तुमच्याकडे. पत्र्याची जाडी, रंगाची छटा, वेल्ड कुठपर्यंत घासायचा, एका फळीवर किती भार पेलायचा, हे त्याच्या मागे चिकटवलेल्या कागदावर लिहा. लॉट आला की पहिली पाच खोकी त्या नमुन्याशेजारी उघडा, आणि पाचही जुळले तरच पुढची चाळीस टक्के रक्कम सोडा.